नानांना विचारलंत का?

(पत्र थोडं छाटून देतोय, ओळख पटेल असं सगळं काढून.)

“सर नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले. आमच्या सासऱ्यांना, नानांना, मार्गशीर्षात पंचाहत्तर पूर्ण होतील. माजघरात त्यांच्या आजोबांचं मोठं तैलचित्र आहे, खूप जुनं, पार काळपट झालंय आणि खालच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसते. ह्यांच्या मनात आहे की नानांचं पण तसंच पोर्ट्रेट करून घ्यावं. मोठे दीर ठाण्याला असतात, ते म्हणतात इन्स्टावर चार हजारात हँडमेड ऑइल पेंटिंग मिळतं, फोटो पाठवला की आठ दिवसात घरपोच, नाहीतर एआयवर करून प्रिंट मारू. सासूबाई म्हणतात जिवंत माणसाचं चित्र भिंतीवर लावतात का, हार घालायची घाई झालीय का तुम्हाला. त्यात गेल्या महिन्यात जुन्या वस्तू घेणारा एक गृहस्थ येऊन गेला, तो आजोबांच्या चित्राचे वीस हजार रोख देतो म्हणतोय, दीर म्हणतात देऊन टाका आणि त्यातच नानांचं करा. माझं डोकं चालेनासं झालंय. – एक वाचक सून”

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना काहीतरी चुकतंय एवढंच जाणवलं, दुसऱ्यांदा कळलं काय ते. नवऱ्याचं मत आहे, दिरांचं आहे, सासूबाईंचं आहे, वाटेवरच्या जुनं-पुराणं घेणाऱ्याचंसुद्धा आहे, फक्त ज्याचं तोंड रंगवायचंय त्या माणसाचं मत अख्ख्या पत्रात कुठे नाही. नानांना विचारलंत का? सरप्राइज वगैरे ठेवायचं असेल तर ते आधी डोक्यातून काढा. पोर्ट्रेट हे सरप्राइज देण्याची वस्तू नाही, कारण नीट करायचं तर नानांना चित्रकाराच्या समोर बसावं लागेल, दोन-दोन तास, चार-पाच वेळा तरी. आणि माझं एवढंच म्हणणं आहे की ते बसवाच. नाना हयात आहेत, त्यांना बसता येतंय, तोवर.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. मी आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, सुट्टीत पोर्ट्रेटं पण केली, गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांची तोंडं माझ्या हाताखालून गेली असतील. माझ्या वडिलांचं मात्र कधी केलं नाही. करू, कुठे जातात, दिवाळीत करू, मेमध्ये करू. ते एका पावसाळ्यात गेले आणि घरात त्यांचा धड फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो. मला स्वतःला तेव्हा ब्रश धरवेना म्हणून शहरातल्या एकाला काम दिलं. त्याने त्या फोटोवरून कोट-टायवाला एक गृहस्थ करून पाठवला, गोरापान, भुवया कोरलेल्या. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. आईने बघितलं आणि म्हणाली, “ह्या कोणाक आणलंस रे?” ते चित्र अजून माळ्यावर आहे, भिंतीला टेकून, तोंड आतल्या बाजूला.

त्या चित्रकाराला मी दोष कसा देऊ, त्याच्याकडे स्टॅम्पएवढा फोटो होता आणि बाकीचा माणूस त्याला स्वतःच्या मनाने भरावा लागला. तुमचे दीर जे आठ दिवसात घरपोच म्हणतायत त्यात नेमकं हेच होतं.

आता सासूबाई. त्यांना हसू नका, त्या म्हणतायत त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. इजिप्तमध्ये फायूम म्हणून भाग आहे, तिथे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली व्यक्तिचित्रं सापडली, वितळलेल्या मेणात रंग कालवून लाकडाच्या पातळ फळीवर काढलेली, आणि ती फळी ममीच्या तोंडावर बांधलेली. अठराशे-एकोणीसशे वर्षं झाली तरी ते डोळे असे बघतात की आत्ता काहीतरी बोलतील. म्हणजे मेलेल्या माणसाचा आणि चित्राचा संबंध जुनाच आहे. पण तेवढंच नाही ना. अकबराने स्वतः बसून आपलं चित्र काढून घेतलं आणि दरबारातल्या सगळ्या सरदारांची काढायला लावली, असं आईन-इ-अकबरीत लिहिलंय, आणि ती काही श्राद्धासाठी नव्हती.

सासूबाईंना मात्र अकबराचं सांगू नका, नाना फडणवीसांचं सांगा. मूळचे वेळासचे, बाणकोटच्या जवळ, आता जिथे कासवं बघायला झुंबड असते ते वेळास, म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला, आणि त्याने सवाई माधवराव, महादजी शिंदे, नाना फडणवीस सगळ्यांची चित्रं केली. आज पुस्तकात नाना म्हटलं की जो लांबट चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बराचसा ह्या बाबाच्या कामातून आलेला. वेल्स १७९५ ला इकडेच वारला, पेशवा पण त्याच वर्षी गेला, नानांनी मात्र त्यानंतर १८०० पर्यंत कारभार केला. तेव्हा चित्र काढलं म्हणून आयुष्य कमी होतं असं काही नाही, हे त्यांना त्यांच्याच जिल्ह्यातल्या माणसाचं उदाहरण देऊन पटवा. (पेशव्याचं विचारलं तर विषय बदला.)

खरं सांगायचं तर ‘भिंतीवर चित्र म्हणजे माणूस गेला’ ही समजूत आपल्याकडे चित्रांमुळे आली नाही, फोटोंमुळे आली असं मला वाटतं. १८३९ ला फोटोग्राफी जगापुढे आली, पुढे गावोगावी स्टुडिओ झाले, पण साध्या घरात फोटो काढायचा प्रसंग आयुष्यात एकदा-दोनदा. मग माणूस गेला की लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याचं डोकं उचलायचं, एनलार्ज करायचं, त्यावर हाताने रंग भरायचे, ओठ जरा गुलाबी करायचे, फ्रेम, वर झीरोचा बल्ब, चंदनाचा हार. कोकणातल्या कुठल्याही जुन्या ओटीवर मान वर करून बघा, रांगेने सगळे तसेच. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर ती रांग आहे हो, त्यांची भीती त्या रांगेची आहे. त्यांना सांगा की नानांचं चित्र ओटीवर रांगेत लावणार नाही, दुसऱ्या भिंतीवर लावू, आणि जमलं तर दोघांचं एकत्र करू. हे मी नुसतं समजूत काढायला म्हणत नाहीये, नवराबायकोचं जोडचित्र हा पोर्ट्रेटमधला जुना आणि सुंदर प्रकार आहे, यान व्हॅन आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी जोडपं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते नेटवर मोठं करून बघा, मागच्या आरशात अख्खी खोली दिसते. खर्च वाढेल, डोकी दोन म्हणजे काम दुप्पट, पण सासूबाईंचा विरोध मावळण्याची शक्यतापण दुप्पट.

बरं, आता चार हजाराचं बघू. गणित साधं आहे. चांगलं तैलचित्र म्हणजे चित्रकाराचे दहा-पंधरा दिवस तरी कामाचे, वाळण्याचे वेगळे. आपल्याकडे बरा सुतार दिवसाला हजाराच्या खाली येत नाही. मग चार हजारात कॅनव्हास, रंग, कुरियर आणि इन्स्टाच्या जाहिरातीचा खर्च काढून हाताने रंगवणाऱ्याला काय उरलं? म्हणजे एकतर हाताने केलेलं नाही, किंवा ज्याने केलं त्याने दिवसाला सहा तोंडं उरकलीयत. चीनमध्ये शेन्झेनजवळ डाफेन म्हणून अख्खं गाव अशा ऑर्डरी आणि नकला करण्यावर उभं राहिलंय, ते काम वाईटच असतं असं नाही, पण तिथल्या कारागिराला तुमच्या नानांशी काय देणंघेणं. आणि आपल्याकडे बऱ्याचदा तेवढंही नसतं, फोटो कॅनव्हासवर छापायचा आणि वरून पारदर्शक जेलचे चार फराटे मारायचे की झालं हँडमेड. ओळखायचं असेल तर बॅटरी बाजूने, भिंतीला समांतर मारा. जेलचे उंचवटे एका दिशेला धावतात आणि खालचा चेहरा भलतीकडेच, नाकाचा आकार आणि ब्रशचा फटका जुळतच नाही. भिंगातून बघितलं तर बारीक ठिपके दिसतात. आणि कडा बघा, खऱ्या चित्रात कडेला कुठेतरी रंग ओघळलेला, ब्रश पुसलेला असतोच, माणसाचं काम आहे ते.

पोर्ट्रेटचा भाव कसा ठरतो ह्याची पण एक गंमत आहे. लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्स म्हणून अठराव्या शतकातला सगळ्यात चलती असलेला पोर्ट्रेटवाला, १७६४ च्या सुमाराला त्याचा रेट होता नुसतं डोकं ३० गिनी, कमरेपर्यंत अर्धं अंग ७०, उभं पूर्ण १५०. जेवढा माणूस जास्त दिसेल तेवढे पैसे, कोंबडी कापून घेतल्यासारखं. आणि कपडे बहुतेक वेळा तो स्वतः रंगवायचाच नाही, त्याला वेगळा माणूस ठेवलेला. आजही हिशोब साधारण ह्याच अंगाने चालतो: साइज किती, डोकी किती, हात दिसणार का (हात काढणं चेहऱ्याइतकंच जिकिरीचं, त्यामुळे हाताचे पैसे मागितले तर कटकट करू नका, उलट नानांचे हात नक्की घ्या, ज्या माणसाने जन्मभर बागायत केली त्याचा अर्धा चेहरा हातातच असतो), समोर बसवून की फोटोवरून, आणि चित्रकाराला तुमच्याकडे येऊन राहावं लागणार का. राहायला खोली आणि दोन वेळचं माशाचं जेवण देत असाल तर ते आधी सांगा, मुंबईचा माणूस भावात उतरेल, थट्टा नाही करत.

रेनॉल्ड्सची दुसरी गोष्ट जास्त कामाची. चेहऱ्याच्या गुलाबीसाठी तो असे लाल रंग वापरायचा की ते उजेडाने उडायचे, गिऱ्हाईक जिवंत आणि चित्रातला चेहरा पांढराफटक. म्हणून तुमच्या चित्रकाराला बिनधास्त विचारा की रंग कुठला, विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त की आर्टिस्ट ग्रेड, ट्यूबवर रंग किती टिकाऊ त्याची खूण असते ती दाखवायला सांगा. चांगला माणूस ह्या प्रश्नावर खूश होतो, चिडला तर समजा काय ते.

एआयचं दोन वाक्यात सांगतो कारण मला त्यात फार रस नाही. २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात संगणकाने केलेलं एक पोर्ट्रेट ४,३२,५०० डॉलरला गेलं, तेव्हा माझ्या पुतण्याने मला फोन करून सांगितलं की काका आता तुमचा धंदा बसला. बसला नाही. एआयला नाना माहीत नाहीत, त्याला म्हातारी माणसं माहीत आहेत, त्यामुळे ते नानांना सगळ्या म्हाताऱ्यांच्या मधोमध आणून बसवतं, एक पापणी जरा खाली असेल तर वर करतं, कातडी तुकतुकीत करतं. पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर छापायला वापरा की, कोण नाही म्हणतंय.

फोटोवरून चित्र करूच नये असं मी म्हणत नाही, दोन बैठकांच्या मध्ये चित्रकार फोटोचा आधार घेतातच. पण तुमच्या मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात, आणि फ्लॅश मारला की सावल्याच मरतात, चेहरा सपाट होतो. समोर बसलेला माणूस हलतो, कंटाळतो, बोलतो, शिव्या देतो, बाहेर नारळ पडला की मान वळवतो, आणि चित्रकार त्या सगळ्याची मिळून एक मुद्रा पकडतो, ती कुठल्याही एका क्षणाची नसते. नुसतं गोड चित्र काय करू शकतं ते बघायचं तर इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं बघा. त्याने १५३९ ला होल्बाइन नावाच्या आपल्या चित्रकाराला जर्मनीत पाठवून क्लीव्जच्या अ‍ॅनचं चित्र मागवलं, आपल्याकडे स्थळाचा फोटो मागवतात तसंच. चित्र आवडलं, १५४० च्या जानेवारीत लग्न, मुलगी समोर आल्यावर राजाचं तोंड वाकडं, जुलैत लग्न रद्द. होल्बाइनचं डोकं शाबूत राहिलं हे त्याचं नशीब.

माणूस शोधायचा कुठे? मुंबईकडेच तोंड करून बघायला पाहिजे असं नाही. तुमच्या गुहागरहून सावर्डे काही लांब नाही, तिथे सह्याद्रीचं कलामहाविद्यालय आहे, देवरुखला डी-कॅड हे कलेचं कॉलेज आहे, तिथल्या मास्तरांना जाऊन भेटा, त्यांचे पास झालेले विद्यार्थी आसपास काम करतात, त्यांची कामं समोर बघायला मिळतात आणि हीच मोठी गोष्ट आहे, मोबाइलवर सगळ्यांचीच चित्रं छान दिसतात. मुंबईला गेलात तर बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन बघा, संस्था १८८८ ची, तिथे पोर्ट्रेटवाले हमखास असतात. ही विद्या अजून जिवंत आहे हो, वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं ते स्वतःच्या बायकोच्या पोर्ट्रेटसाठी.

आणि कोकणाला ह्यात कमी लेखू नका. आमच्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, जन्म १८८२, १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पोर्ट्रेटमध्ये केवढं नाव काढलं. हातात दिवा घेतलेली, बोटांच्या फटीतून लाल उजेड आलेली ती बाई तुम्ही कॅलेंडरवर नक्की बघितली असेल, लोक छातीठोकपणे सांगतात राजा रविवर्म्याची म्हणून. ती हळदणकरांची, आणि तैलरंग नाही, जलरंग! म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यात उभी आहे त्यांची मुलगी गीता, दिवा हातात धरून तासन् तास उभी राहिलेली. पुढे ती शंभरी ओलांडून १०२ व्या वर्षी गेली, हे सासूबाईंच्या कानावर घाला, नाना फडणवीसांपेक्षा हे जास्त लागू पडेल.

चेहऱ्याचं काम मातीत बघायचं असेल तर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालयच ते. करमरकर लहान असताना गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराज काढले, ते रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरने बघितले आणि पोराला जे. जे. ला धाडलं. नानांना घेऊन एक दिवस जाऊन या, मांडव्याहून जवळ आहे. तिथे बघितल्यावर ते आपणहून म्हणतील बसतो म्हणून.

आता व्यवहार. तोंडी ठरवू नका, व्हॉट्सॅपवर का होईना लिहून ठेवा: साइज, किती बैठका, कधी देणार, फ्रेम धरून की सोडून, आणि पैसे तीन हप्त्यांत. पहिला हप्ता ठरल्यावर, दुसरा चेहरा उभा राहिल्यावर, उरलेला हातात आल्यावर. चेहरा उभा राहिल्यावर एकदा बघायला जा, पण कोण जाणार ते आधी ठरवा, आणि एकानेच जायचं. अख्खं घर गेलं तर आत्या म्हणणार नाक मोठं झालं, दीर म्हणणार केस काळे करा, आणि बिचाऱ्याने सगळ्यांचं ऐकलं की चित्रात कोणीच उरत नाही. माझ्या मते सासूबाईंना पाठवा. पन्नास वर्षं तो चेहरा समोर असलेलं घरात दुसरं कोण आहे?

आणि न आवडण्याची तयारी ठेवा. १९५४ ला चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला इंग्लंडच्या पार्लमेंटने ग्रॅहम सदरलंडकडून त्याचं पोर्ट्रेट करून दिलं, म्हातारा खुर्चीत दबा धरून बसल्यासारखा, काहीही गोड केलेलं नाही. चर्चिलला ते अजिबात रुचलं नाही आणि पुढे त्याच्या बायकोने ते नष्ट करवून टाकलं. आज त्या चित्राचे फोटो बघताना वाटतं की काय जबरदस्त काम गेलं. तुमच्याकडे पहिल्या दिवशी कोणी नाक मुरडलं तर लगेच दुरुस्त्या सांगू नका, महिनाभर भिंतीवर राहू दे, डोळ्यांना सवय होते.

एक कायद्याचा मुद्दा, जो बऱ्याच चित्रकारांनापण माहीत नसतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे उद्या नानांचं तोंड कोणाच्या जाहिरातीत झळकायला नको असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. पण चित्रकाराने प्रदर्शनात ठेवायला मागितलं तर मोठ्या मनाने द्या.

वेळेचं बघा, कारण मार्गशीर्ष काही लांब नाही. जवसाच्या तेलातला रंग पाण्यासारखा सुकत नाही, तो हवेशी मिळून हळूहळू घट्ट होतो, वरून आठवड्यात कोरडा वाटला तरी आतून महिने लागतात, आणि आपल्या दमट हवेत अजून रेंगाळतो. शेवटचं वॉर्निश सहा महिन्यांनी मारायचं असतं, म्हणून मार्गशीर्षात चित्र वॉर्निशशिवाय मिळेल, त्याला फसवणूक समजू नका, उन्हाळ्यात त्याला परत बोलवा, आंबे खायला घाला आणि वॉर्निश मारून घ्या. मार्गशीर्षापर्यंत जमलंच नाही तर नानांच्या पंचाहत्तरीला अर्धवट चित्र ईझलवर ठेवा, मला तर ते जास्त आवडेल.

आणि आजोबांचं चित्र. विकू नका, निदान आत्ता नाही. जो माणूस दारात उभा राहून रोख वीस हजार म्हणतो त्याला ते चाळीसला विकता येणार हे माहीत असतं, नाहीतर तो गुहागरपर्यंत कशाला येईल. पण ताई, लगेच लाखाची स्वप्नंपण बघू नका. जुन्या पोर्ट्रेटला भाव येतो तो दोन गोष्टींवर, काढलं कोणी आणि कोणाचं काढलं, आणि तुमचे पणजेसासरे घरच्यांना कितीही थोर असले तरी बाजाराला माहीत नाहीत. मग उरली सही. खाली उजव्या-डाव्या कोपऱ्यात, बुरशी आहे तिथेच बहुतेक, बघा, आणि चित्र मागून बघा, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, तारीख, काहीतरी चिकटवलेलं असतं. मुळात ते तैलचित्र आहे का हेपण बघा. १८९४ ला रविवर्म्याने मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, तिथल्या ओलिओग्राफ म्हणजे छापील चित्रांना तैलचित्राचा भास येतो आणि कोकणात कित्येक घरांत ‘आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे’ असं तीन पिढ्या सांगतात. आजोबांचा चेहरा असल्यामुळे तुमचं छापील नसणार, पण मोठा केलेला फोटो रंगवलेला असू शकतो.

शिवाय चित्र शंभर वर्षं जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, नोंदणीचा प्रश्न येतो, धंदा करणाऱ्याला लायसन लागतं आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. त्या गृहस्थाला पुढच्या वेळी लायसन दाखवा म्हणा, चहाला थांबतो का बघा. आणि आजोबांची वस्तू म्हणजे नाना आणि त्यांची भावंडं सगळ्यांचीच असू शकते, दिरांनी एकट्याने द्या म्हणून देता येत नाही.

बुरशीला हात लावू नका. ओलं फडकं नाही, लिंबू नाही, बटाटा चिरून घासणं तर अजिबात नाही (हे करणारे लोक मी बघितलेत, बटाट्याबरोबर आजोबांची मिशी आली होती). भिंतीवरून उतरवा, कोरड्या हवेशीर खोलीत ठेवा, ऊन मात्र देऊ नका, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे तिथे फोटो पाठवून विचारा. काळपटपणा बहुतेक चुलीच्या धुराचा आणि पिवळ्या पडलेल्या वॉर्निशचा असेल, जाणकाराने साफ केलं की खालून वेगळाच माणूस निघतो.

परत लावताना दोन्ही चित्रं जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते. आतली भिंत, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे म्हणजे हवा खेळेल, खिळे स्टीलचे किंवा पितळेचे कारण खाऱ्या हवेत लोखंडी दोन वर्षांत गंजतो, वर्षातून एकदा काढून मागे वाळवी बघायची. समोर काच नको. ताज्या फुलांचा हार नको, कुंकू नको, उदबत्ती लांब.

तर आज संध्याकाळी चहा घेऊन नानांकडे जा आणि सरळ विचारा, बसाल का म्हणून. नाही म्हणाले तर हा सगळा लेख फेकून द्या आणि निदान एक चांगला फोटो पडवीतल्या सकाळच्या उजेडात काढून ठेवा, लांबून, झूम करून. हो म्हणाले तर कपडे त्यांना ठरवू द्या, रोजचा सदरा म्हणाले तर रोजचा सदरा. बैठक सकाळी नऊच्या सुमाराला ठेवा, उजेड डाव्या बाजूने येईल असं बघा, हाताशी पानाचा डबा असू दे, आणि कुणीतरी जवळ बसून गजाली मारत राहा म्हणजे चेहरा पडणार नाही. जेवणानंतरची वेळ मात्र चित्रकाराला देऊ नका. माझ्याकडे एक सरपंच बसले होते, सोलकढी-भात खाऊन, चारही बैठका झोपले. त्यांचं पोर्ट्रेट ग्रामपंचायतीत आहे, डोळे माझ्या अंदाजाने काढलेत.